वसईचे मनोरे आणि भीमाशंकराची घंटा

पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि खेड या तालुक्यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या ऐन कड्यालगत, भीमाशंकराचे प्राचीन क्षेत्र आहे. मंचर-घोडेगावच्या वाटेने आंबेगाव तालुका ओलांडून आलेला यात्रेकरू पायऱ्या उतरून देवळासमोर पोहोचतो, तेव्हा शनिमंदिराजवळ दोन दगडी खांबांच्या मध्ये टांगलेली एक मोठी घंटा त्याच्या नजरेस पडते. खांद्याशी गोल, खाली सरळ उतरत गेलेली आणि ओठाशी एकदम फाकलेली तिची घडण सभामंडपात टांगलेल्या नेहमीच्या घंटेसारखी नाही, ती युरोपातील चर्चच्या घंटेची आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ही एक, असे परंपरा सांगते. अशाच फिरंगी घंटा पालीच्या बल्लाळेश्वराकडे, थेऊरच्या चिंतामणीकडे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यामागील कृष्णेच्या घाटावर आणि नाशिकच्या पंचवटीत नारोशंकराच्या देवळात आहेत, आणि त्यांच्याविषयीही हीच हकिकत सांगितली जाते.

या घंटांकडे आजवर बहुधा विजयचिन्हे म्हणूनच पाहिले गेले आहे, आणि ती त्या अर्थाने विजयचिन्हे आहेतही. परंतु त्यांच्या निमित्ताने उभा राहणारा प्रश्न इतिहासापेक्षा धर्मविचाराचा अधिक आहे. एका धर्माच्या उपासनेसाठी घडवलेली, त्या धर्माच्या विधीने पवित्र केलेली वस्तू दुसऱ्या धर्माच्या उपासनेत रुजू झाली, तर तिचे पूर्वीचे पावित्र्य नष्ट होते, तसेच राहते, की नव्याने निर्माण होते? याचे उत्तर घंटेपुरते देता येत नाही, कारण ती ज्या वास्तूचा अवयव होती ती वास्तू समजल्याशिवाय घंटेचे काम समजत नाही, म्हणून प्रथम वसईकडे वळणे भाग आहे.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढील दोनशे वर्षे ती त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची, म्हणजे दमणपासून चौलपर्यंतच्या मुलखाची, राजधानी राहिली. तटाच्या आत वसवलेले हे नगर पोर्तुगालमधील नगरांच्या धर्तीवर आखलेले होते. एक दरवाजा जमिनीकडे, दुसरा बंदराकडे, दोहोंना जोडणारा हमरस्ता, आणि त्या रस्त्याच्या आजूबाजूला फिरंगी सरदारांचे वाडे, न्यायकचेरी, इस्पितळ आणि ख्रिस्ती संन्याशांच्या निरनिराळ्या संघांचे मठ. प्रत्येक संघाचे स्वतंत्र चर्च होते : फ्रान्सिस्कन संघाचे संत आंतोनियोचे, जेझुइट म्हणजे येशूसंघीयांचे पवित्र नामाचे, डोमिनिकन संघाचे संत गोन्सालोचे, ऑगस्टिनियन संघाचे मरियामातेचे. या सर्वांखेरीज नगराचे मुख्य चर्च म्हणून संत जोसेफचे चर्च होते, जे सोळाव्या शतकाच्या मध्यास उभे राहिले आणि गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, १६०१ मध्ये, नव्याने बांधले गेले. तटाच्या बुरुजांनाही संतांची आणि मरियामातेची नावे होती, त्यामुळे वसईत किल्ला कुठे संपतो आणि देवस्थान कुठे सुरू होते हे सांगणे अवघड होते. ही सरमिसळ पुढे १७३९ मध्ये काय घडले हे समजण्यास उपयोगी पडते.

या चर्चवास्तूंची रचना त्या काळच्या एका धार्मिक निर्णयातून आलेली आहे. प्रोटेस्टंट बंडानंतर रोमन कॅथलिक धर्मसत्तेने १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंट येथे धर्मपरिषद भरवली आणि प्रवचन व मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस यांच्या अर्पणाचा मुख्य विधी, या दोन गोष्टींना उपासनेच्या केंद्रस्थानी आणले. उपदेश ऐकू यायचा आणि वेदी दिसायची, तर मध्ये खांबांची दाटी चालत नाही, म्हणून मध्ययुगीन चर्चमधील तीन-तीन, पाच-पाच दालनांऐवजी एकच रुंद, मोकळे दालन आणि त्याच्या टोकाशी उंचावलेली वेदी असा आराखडा रूढ झाला. रोममध्ये १५६८ मध्ये सुरू झालेले येशूसंघाचे जेसू चर्च हा त्याचा प्रसिद्ध नमुना मानला जातो. वसईच्या भग्न वास्तूंत हाच आराखडा आजही पायाखाली वाचता येतो : लांबट दालन, त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीत बसवलेली छोटी उपासनास्थाने, शेवटी कमानीपलीकडे वेदीचा अरुंद भाग. दालनावर लाकडी आढ्यांचे कौलारू छप्पर असे आणि वेदीच्या भागावर चुनेगच्ची घुमटी कमान असे. म्हणूनच छप्पर केव्हाच कोसळून दालने उघडी पडली, तरी वेदीवरच्या कमानी काही ठिकाणी तग धरून राहिल्या. संत आंतोनियोच्या चर्चची फरसबंदी तर थडग्यांच्या शिळांचीच आहे. पोर्तुगीज अक्षरे आणि घराण्यांची चिन्हे कोरलेल्या त्या शिळांवरून चालतच भाविक वेदीकडे जात, मृत पूर्वज पायाखाली आणि देव समोर.

येशूसंघाच्या चर्चचा दर्शनी भाग हा वसईतील सर्वांत देखणा अवशेष होय. अर्धवर्तुळाकार कमानीच्या दरवाजाच्या दोन्ही अंगांना उंच बैठकींवर चढवलेले पन्हळीदार स्तंभ आहेत आणि त्यांच्या माथ्यांवर पानांची नक्षी आहे. हे सारे रोमन स्थापत्याच्या ग्रंथांतून उचललेले शब्दशः व्याकरण असले, तरी ते ज्या दगडात लिहिले गेले तो इथलाच आहे. वसईचा दगड पोर्तुगीजांना इतका मानवला की जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चच्या, म्हणजे १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये अर्पण झालेल्या आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष असलेल्या वास्तूच्या, दर्शनी भागातील स्तंभांसाठीही तो समुद्रमार्गे नेला गेला. दगड घडवणारे हातही बहुतांशी येथलेच असले पाहिजेत, कारण पोर्तुगालहून एवढे पाथरवट येणे शक्य नव्हते.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने १६७५ च्या सुमारास वसई पाहिली आणि तेथील चर्चवास्तू व मठ यांची नोंद केली. त्याच सुमारास मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून तो घाट चढून जुन्नरलाही गेला. त्याच्या १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात ही दोन्ही नगरे एकाच जिल्द-बांधणीत आली, हे या लेखाच्या दृष्टीने सूचक आहे, कारण कोकणपट्टीतील बंदरे आणि घाटमाथ्यावरील जुन्नर यांचे नाते त्याआधी दीड-दोन हजार वर्षे चालत आलेले होते.

आता घंटेकडे येऊ. कॅथलिक परंपरेत चर्चची घंटा टांगण्यापूर्वी तिच्यावर संस्कार होतो. जुन्या विधीत बिशप तिला मंतरलेल्या पाण्याने धुई, बाहेरून आणि आतून पवित्र तेलाचे लेपन करी, धुपाचा धूर तिच्या पोटात भरी आणि तिला बहुधा एखाद्या संताचे नावही दिले जाई. लोकभाषेत या विधीला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत आले आहेत, जरी धर्मशास्त्री ते अक्षरशः मान्य करत नाहीत. अशी संस्कारित घंटा मनोऱ्यावर चढली की नगराचा दिवस तिच्या ताब्यात जातो. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन वेळा मरियेच्या वंदनेची घंटा, मिस्सेचे बोलावणे, कोणी मरणपंथाला लागल्याची घंटा, वादळाची किंवा शत्रू आल्याची घंटा, अशा तिच्या निरनिराळ्या बोली असत आणि घराघरांत त्या ओळखल्या जात. ती वाजवण्याचा अधिकार भाविकाचा नसे. ती वाजवणारा ठरलेला असे आणि ऐकणारे सगळे नगर असे. वसईत संत जोसेफच्या चर्चचा मनोरा आजही उभा आहे, आणि त्याच्या माथ्यावरील रिकाम्या झरोक्यांतून पाहिले असता खाडी, तट आणि माडांच्या बागा यांचा जो विस्तार दिसतो, त्यावरून आवाज कुठवर जावा अशी बांधणाऱ्याची अपेक्षा होती याचा अंदाज येतो.

हिंदू देवालयातील घंटेचे काम नेमके उलट आहे. ती उंचावर नसते, हाताला लागेल इतक्या उंचीवर, देवासमोर टांगलेली असते. ती कोणीही वाजवावी, आणि ती वाजवण्यात आपण आल्याची वर्दी देवाला देणे व मनातला गलबला क्षणभर थांबवणे असे दोन हेतू सांगितले जातात. आरतीच्या वेळी ती समूहाची होते, एरवी ती एका भक्ताची आणि त्याच्या देवाची असते. वास्तूतील फरकही इथेच आहे. चर्च हे प्रथम सभेचे घर असते आणि म्हणून त्याला रुंद दालन लागते, तर देवालय हे प्रथम देवाचे घर असते आणि म्हणून त्याचा गाभारा लहान, अंधारा, चार माणसे मावतील एवढाच असला तरी चालते. नाना फडणिसांनी शिखर चढवलेले भीमाशंकराचे देवालय नागर पद्धतीचे आहे. तिथे दर्शनाची रांग लागते, प्रवचनाची सभा भरत नाही. वसईची घंटा घाटावर आली, तेव्हा तिच्या मालकीपेक्षाही तिच्या कामाचा बदल मोठा होता : मनोऱ्यावरून सगळ्या नगराला हाक मारणारी घंटा जमिनीवर आली, आणि तिचा लोळ पहिल्यांदाच कोणाही यात्रेकरूच्या हाती आला.

हे स्थलांतर शांततेने झालेले नाही, याची जाणीव ठेवूनच पुढील विचार करावा लागतो. वसईचा वेढा १७३९ च्या फेब्रुवारीत आवळला गेला, सुरुंग लावून तट फोडण्यात आला, दोन्ही बाजूंची मोठी प्राणहानी झाली आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला स्वाधीन केला. शरणागतीच्या अटींत पोर्तुगीज फौजेला सन्मानाने बाहेर पडू देण्याची आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना त्यांचा धर्म पाळू देण्याची तरतूद होती. चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला होता आणि जय मिळाल्यावर तिचे देऊळ बांधले गेले. या युद्धामागे धर्माचा भाग मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. उत्तर प्रांतात देवळांची मोडतोड झाली होती, आणि बोरिवलीजवळचे मंडपेश्वराचे शैव लेणे फ्रान्सिस्कन संन्याशांनी सोळाव्या शतकात चर्चमध्ये बदलले होते, त्याच्या भिंतीतील शिल्पाच्या जागी कोरलेला क्रूस आजही दिसतो. त्या दृष्टीने घंटांची वाटणी हा एक प्रकारे हिशेब चुकता करण्याचा प्रकार होता.

मात्र हिशेब कसा चुकता केला, हे पाहण्यासारखे आहे. घंटा तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची असते, आणि त्याच दोन धातूंतून, प्रमाण बदलून, तोफ ओतली जाई. युरोपात युद्धकाळी चर्चच्या घंटा उतरवून तोफा ओतल्याची उदाहरणे कितीतरी आहेत. तोफांची निकड असलेल्या मराठी सत्तेला हा मार्ग मोकळा होता. तरीही या घंटा न वितळवता देवस्थानांना दिल्या गेल्या. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची उठावदार आकृती आहे, आणि ती घासून वा ठोकून नाहीशी करण्याची कोणाला गरज वाटली नाही. विजेत्यांनी चर्च हे शत्रूचे मानले, पण घंटा ही देवाची वस्तू आहे हे त्यांना परक्या अक्षरांच्या आणि परक्या मूर्तीच्या आडूनही ओळखू आले, असा याचा अर्थ लावणे भाग पडते. अर्थात या ओळखीला उदारता म्हणणे अतिरेकाचे होईल. ज्यांच्या मनोऱ्यावरून घंटा उतरली त्यांना त्या ओळखीचा काही उपयोग नव्हता, आणि संताच्या नावाने तेलाभिषेक झालेली घंटा शिवाच्या दारी टांगली गेल्याने वसईच्या ख्रिस्ती मनाला झालेली जखम ही इतिहासाच्या पुस्तकात सहसा नोंदली न गेलेली, पण खरी गोष्ट आहे.

मूळ प्रश्नाला दोन्ही धर्मांच्या शास्त्रांत उत्तर आहे आणि ती उत्तरे अपेक्षेपेक्षा एकमेकांच्या जवळची आहेत. कॅथलिक धर्मनियमानुसार एखादी वास्तू मोठ्या प्रमाणात उद्ध्वस्त झाली किंवा कायमची ऐहिक वापराकडे वळवली गेली, तर तिचे अर्पण, म्हणजे विधीने मिळालेले पावित्र्य, संपते. हिंदू परंपरेतही मूर्तीला देवत्व येते ते प्राणप्रतिष्ठेने, आणि मूर्ती भंगली तर विधिपूर्वक विसर्जन करून दुसरी बसवता येते. दोन्हीकडे पावित्र्य हे दगडाच्या किंवा धातूच्या अंगचे मानलेले नाही, ते विधीने येते आणि विधीने, वापराने वा विनाशाने जाते. हे मान्य केले तर घंटेचे जुने पावित्र्य मनोऱ्यावरून उतरतानाच संपले आणि नवे पावित्र्य भीमाशंकरी पहिल्या आरतीबरोबर सुरू झाले, असे म्हणून प्रकरण मिटवता येईल.

पण शास्त्र एवढ्यावर थांबत असले तरी लोक थांबत नाहीत, आणि याचा दाखला भीमाशंकराच्या शेजारी जुन्नर तालुक्यातच आहे. लेण्याद्रीचा डोंगर हा इसवी सनाच्या पहिल्या शतकांच्या आसपास कोरलेल्या बौद्ध लेण्यांचा डोंगर आहे. तेथील चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले उपासनेचे दालन, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने दान दिल्याचा शिलालेख तिथे आहे. त्याच्या शेजारचे भिक्षूंच्या वस्तीसाठी कोरलेले मोठे, मधे एकही खांब नसलेले लेणे आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपतीचे देवालय आहे. देवदर्शनाला आलेला भाविक भिक्षूंच्या कोठड्यांच्या ओळीसमोर उभा राहून हात जोडतो आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. याच परिसरातील लेण्यांत ‘यवन’ म्हणवणाऱ्या परदेशी दात्यांची दानेही कोरलेली आहेत : एकाने पाण्याची टाकी दिली, दुसऱ्याने संघाला भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडून आलेला माणूस घाटावरच्या उपासनास्थळाला काही देतो, ही घटना चिमाजी अप्पांच्या फार पूर्वीची आहे. फरक एवढाच, आणि तो छोटा नाही, की यवनांनी आपले दान आपल्या नावानिशी, आपल्या इच्छेने दिले, तर वसईची घंटा देणारा आणि घेणारा दोघेही तिचे धनी नव्हते.

म्हणून पावित्र्य विधीने निर्माण होते, हे उत्तर खरे असूनही अपुरे आहे. उपासक पिढ्यान्पिढ्या एखाद्या वस्तूला हात लावत राहतात तेव्हा तिच्यावर साचत जाणारे पावित्र्य कोणत्याही विधीपेक्षा चिवट असते, आणि ते कोणाच्या मालकीचे नसते. भीमाशंकराची घंटा आज शैव आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही, कारण पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ती त्या देवासमोर वाजते आहे. पण वसईत ती ज्या हातांसाठी ओतली गेली त्यांचा दावाही त्यामुळे खोटा ठरत नाही. मंडपेश्वराच्या लेण्यात मराठ्यांनी पुन्हा शिवपूजा सुरू केली, तेव्हा क्रूस कोरलेली भिंत मात्र तशीच राहिली. दोन्ही श्रद्धांच्या खुणा एकाच दगडावर राहू देणे हा या प्रदेशाचा अजाणता का होईना, परंतु शहाणा निर्णय म्हणावा लागेल.

चर्चवास्तूंना मात्र घंटेसारखे स्थलांतर करता आले नाही. नगराचे नाव बाजीपूर झाले, १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, पुढे ती मराठ्यांना परत मिळाली, १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवाईच कंपनीच्या दावणीला गेली, आणि दरम्यान चर्चची छपरे, लाकूड, घडीव दगड जमेल तसे नाहीसे होत गेले. एका चर्चच्या भिंतींत तर एकोणिसाव्या शतकात साखरेचा कारखाना चालला. जेरसन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या अवशेषांवर पुस्तक लिहिले, तेव्हा या वास्तू उजाड झालेल्या होत्या. पण वसईचा ख्रिस्ती समाज उजाड झाला नाही. पोर्तुगीज गेले तरी आपली बोली, शेती आणि मासेमारी न सोडलेले भूमिपुत्र मागे राहिले, ते मराठीतच बोलत राहिले, आणि त्याच वसईचे धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. याच वसईत पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी जन्मलेल्या आणि १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर मारल्या गेलेल्या गोन्सालो गार्सिया यांना १८६२ मध्ये संतपद मिळाले, आणि किल्ल्यातील येशूसंघाचे चर्च आता डागडुजी होऊन त्यांच्याच नावाने ओळखले जाते. म्हणजे एका वास्तूत उपासना परतली, तीही मनोऱ्यावरची जुनी घंटा परत मागितल्याशिवाय.

घंटा परत करावी की करू नये, हा वाद उकरून काढण्यात कोणाचेही हित नाही. दोन्ही ठिकाणच्या भाविकांनी तो कधी गंभीरपणे उकरलेलाही नाही. करण्यासारखे काम वेगळे आणि साधे आहे. भीमाशंकर, मेणवली, पाली, थेऊर आणि नाशिक येथील घंटांवरची अक्षरे, सालाचे आकडे आणि आकृती उन्हापावसाने व हाताळणीने झिजत आहेत. त्यांचे ठसे आणि छायाचित्रे घेऊन, प्रत्येक घंटा कोणत्या संताच्या नावाने व कोणत्या चर्चसाठी ओतली गेली हे जेवढे वाचता येईल तेवढे वाचून, देवस्थानांच्या विश्वस्तांनी तिच्याजवळ मराठीत एक फलक लावावा, आणि त्या फलकावर चिमाजी अप्पांच्या नावासोबत वसईच्या त्या चर्चचे नावही लिहावे.